आण्णांचा दहावा केव्हाच झालाय

आमचे आण्णा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे आजोबा. वय एकशे तीन. तरणेपणी ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले, आता भाकरी कडक झाली न्हाय म्हणून माझ्याशी लढतात. गावात म्हणतात, यम त्यांना विसरला. विसरणारच की, त्यांचा दहावा ऐंशी वर्षांमागंच उरकलाय.

लढाईत बेपत्ता, अशी तार आली होती. भावकीनं दर्भाचा पुतळा जाळला, दहावा घातला, कडूबाईचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, कुंकू पुसलं. वर्षभरानं आण्णा सोनारीच्या रस्त्यानं चालत आले. मेलेला माणूस घरात घ्यायचा कसा? मग नवा जन्म झाला म्हणून मिशीवाल्या गड्याला पाळण्यात बसवून बारसं केलं, आणि त्याच बायकोशी पुन्हा लगीन लावलं. हे सांगताना सगळे पोट धरून हसतात. आण्णा हसत न्हाईत, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

यंदा माघात फोन आला. माझे मालक रणधीर फौजेत आहेत. सीमेवर बर्फाचा कडा कोसळला, चौघं सापडत न्हाईत, त्यात हे बी आहेत, शोध चालू आहे, एवढंच कळवलं होतं. पण शोध चालू आहे, हे ऐकलं कुणी? दुसऱ्या दिवशी गावातला बजरंग आणि त्याची टोळी परंड्याहून बॅनर छापून घेऊन आले. भावपूर्ण श्रद्धांजली. यांचा लग्नातला फोटो, वर हार, आणि खाली शोकाकुल म्हणून साऱ्या टोळीची तोंडं. मेल्यांनी स्वतःचे फोटो गॉगल लावून छापले होते.

बॅनर स्टँडवर चढला तशा बाया रडत घरात शिरल्या. चुलत सासू प्रेमाबाई माझ्या गळ्यात पडल्या आणि त्यांचा हात मंगळसूत्रावर गेला. मी तशी फटकळ, हात झिडकारला. पण एवढी माणसं रडतायत म्हणजे खरंच असंल, असं मलाही वाटाय लागलं.

तेवढ्यात आण्णा काठी टेकत आत आले.

"प्रेमा, लांब हो. माझी कडू वर्षभर पांढऱ्या कपाळानं फिरली, म्या जित्ता असताना. पुन्हा कुंकू लावलं, तरी मरस्तोवर झोपेतनं उठून मला चाचपून बघायची, हाय का न्हाय म्हणून. फौजेनं मेला म्हणलंय का? न्हाय. मग आपण कोण ठरवणार? थांबायचं."

एवढं बोलून ते थेट स्टँडवर गेले आणि बॅनरखाली उन्हात बसले. बजरंगनं तो गुमान उतरवला, तेव्हाच उठले.

पाचव्या दिवशी फोन आला. हेच बोलत होते. पडक्या चौकीच्या आडोशानं चौघंही तगले होते. यांच्या पायाची दोन बोटं गेली, बाकी धडधाकट. मला रडूच आवरंना, म्हणून फोन आण्णांच्या कानाला लावला. ते नुसतं व्हय, व्हय करत राहिले, आणि डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरत राहिलं.

फोन ठेवल्यावर म्हणाले, "कडूला थांब म्हणणारं कुणी नव्हतं, पोरी. देवानं एवढं आयुष्य कशाला दिलं, आज कळलं. आता म्या जायला मोकळा."

मला असा राग आला.

"कुठं जाताय? ते घरी येईस्तोवर थांबायचं," मी म्हणलं. "तुम्हीच सांगितलंय ना, थांब म्हणून? मग आता तुम्ही बी थांबा."

"व्हय बाई," म्हणाले, आणि भाकरी मागितली.