लोकाच्या लेकराची कबर

मोजणीवाल्याच्या अंगावर दगडाबाईनं राख फेकली. खरं तर शेणच फेकायचं व्हतं तिला, पर गावात शेण कुठलं? समदी गुरं चारा छावणीला गेलेली. मंग चुलीतली राख घमेल्यात भरून घेतली आन कबरस्तानाच्या फाटकात उभी ऱ्हायली. मोजणीवाल्याचा इस्त्रीचा शर्ट, तोंड, मिश्या, समदं एकाच रंगाचं झालं.

"नंबर टाकशील त्या कबरीवर तर बघ! हेच घमेलं डोक्यात घालीन!"

"मावशी, मी सरकारी माणूस आहे."

"मंग सरकारला जाऊन सांग, दगडाबाई नाय म्हंती!"

मी मधी पडलो. "वहिनी, काय लावलंय हे? शहाणं माणूस तुमी."

"तुमी गप बसा, भाऊजी. तुमाला काय, खांदायला कबर पायजे. भरायची असू का उकरायची."

असं बोलती बघा. आन लोक म्हंत्यात दगडाबाई म्हंजी गरीब गाय.

मी कडुबा. दगडाबाई माह्या चुलतभावाची बायको. भाऊ जाऊन लई वर्सं झाली. पाचोडच्या अलीकडं आमचं गाव, त्यात ख्रिस्तीवाड्याची पंचवीस घरं, आन त्या पंचवीस घरांच्या कबरी खांदणारा मी एकटा. त्याचा पगार नाय, मान नाय. कुणी मेलं की म्हंत्यात, कडुबाला बोलवा. लग्नाच्या पंगतीला मात्र बरोबर इसरत्यात.

एकोणीस सालचा उन्हाळा व्हता. टँकर आठव्या दिवशी यायचा. मोसंबीच्या बागा वाळून कोळ झाल्या व्हत्या आन लोक आपल्या हातानं झाडं तोडून सरपण करू ऱ्हायले व्हते. त्यात दुष्काळात तेरावा महिना, रस्ता रुंद व्हायची नोटीस आली. शहर वाढू ऱ्हायलं, त्याला मोठा रस्ता पायजे, आन त्या रस्त्याच्या लाल खुट्यांच्या आत आमचं कबरस्तान. पंधरा दिवसांत आपापली माणसं उचला, माळावर जागा दिलीय, म्हणले. न्हायतर मशीन येईल. माळ तीन किलोमीटर लांब, तिथं कुसळ सुदीक नीट उगवत नाय. बत्तीस कबरी व्हत्या. एकतीस जणांच्या घरचे रडले, भांडले आन तयार झाले. बत्तिसावी शमुवेलची. नवऱ्याची उचला म्हणली दगडाबाई, पर तिथं आडवी.

आता हे शमुवेलचं सांगतो. वहिनीच्या लग्नाला अकरा वर्सं झाली तवा झालेलं पोर. देवाकडं मागून घेतलेलं, म्हून ते नाव. लई हसरं. बारा-तेराच्या दुष्काळात गावात हाताला काम नव्हतं, तवा औरंगाबादला बिल्डिंगीच्या कामावर गेला. फेब्रुवारीत सातव्या मजल्यावरची परांची सुटली. सांजच्याला गाडीतून लाकडी पेटी आली, खिळे मारलेली. ठेकेदाराचा माणूस म्हणला, उघडू नका. अर्ध्या घंट्यात गाडी वळवून निघून बी गेला.

वहिनीनं माह्या सदऱ्याला धरलं. "भाऊजी, तुमी बघितलं का आतमधी? त्योच हाय ना?"

"मी नाय बघितलं," मी म्हणलो. "त्यो माणूस म्हंतो त्योच हाय."

त्याच रातीला मी खांदलं आन त्याला पुरलं.

वहिनी रडलीच नाय. रडंल कशाला? तिनं मनाशी ठरवलं, पेटीत दुसऱ्याच कुणाचं लेकरू हाय. त्या कामावर शंभर पोरं, अदलाबदल झाली आसंल. चार म्हैन्यांनी गावातला एक जण मोसंबी इकून आला. त्यो बोलून गेला, औरंगाबादच्या शहागंज बाजारात हातगाडी वढताना शमूवानी एक पोरगं दिसलं. झालं! तवापासून वहिनी दर दोन म्हैन्याला येष्टीनं शहागंजला जायची. हातात फोटो. भांड्यावाल्याला इचार, चप्पलवाल्याला इचार, अत्तरवाल्याला इचार. एक बिल्किसबी म्हून बांगड्या इकणारी म्हातारी तिला पाणी पाजायची, म्हणायची, "बैठो अम्मा, मिलेगा." तेवढ्यावर वहिनी परत यायची आन पुढचे दोन म्हैने जगायची.

आन कबरीचं म्हणाल तर, आमच्यात इस्टरच्या आधी समदे जण आपापल्या कबरी झाडत्यात, चुना देत्यात. वहिनी नवऱ्याच्या कबरीला चुना द्यायची, मंग शमूच्या कबरीला बी द्यायची. कुणी इचारलं तर म्हणायची, "लोकाचं लेकरू हाय. त्याच्या आईला काय ठावं ते इथं पडलंय. कुणीतरी बघाया नगं का?" ऐकणाऱ्याच्या काळजाचं पाणी व्हायचं. पर तिला खरं सांगायची कुणाची छाती झाली नाय. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हंत्यात. वहिनीची मूठ म्हंजी ती कबर.

मशीन शनिवारी येणार व्हतं. इस्टरच्या आदल्या दिवशी. सोमवारपासून आमी खांदत व्हतो. वर काळी माती, भेगा अशा का हात जाईल, आन खाली मुरूम. पहार मारली का ठिणगी उडायची. बेस्तरवारपरयंत एकतीस कबरी मोकळ्या केल्या, माणसं माळावर न्हेली. त्या दिशी सांजला पाळकसाहेब मला म्हणले, "कडुबा, चला मावशीकडं." पाळकसाहेब आमच्या चर्चचे, नगरकडचे, तरणे, पुस्तकी बोलणारे, पर माणूस सच्चा.

वहिनी दारातच बसली व्हती.

"मावशी, मी तुम्हाला काही शिकवायला आलेलो नाही," पाळकसाहेब म्हणले.

"बरं केलं. शिकवणाऱ्याला मी चहा देत नाय. आन नाय शिकवणाऱ्याला बी नाय, घरात पाणीच नाय."

पाळकसाहेब हसले आन खाली मातीतच बसले. "मावशी, तुम्हाला भीती कशाची वाटते?"

वहिनीनं पदराचा काठ चोळला. मंग म्हणली, "उघडल्यावर त्योच निघाला तर?"

पाळकसाहेबांनी माह्याकडं बघितलं.

"मी येडी नाय, पाळकसाहेब. गाव मला येडी म्हंतं, मला ठाव हाय. पर शहागंजला जाताना येष्टीत दीड घंटा माह्या पोटात आशा ऱ्हाती. येताना नाय ऱ्हात. पर पुन्यांदा जायाचं तर ऱ्हातं ना? ती कबर उघडली का माही येष्टी बंद. मंग मी कुठं जाऊ, सांगा. सकाळी उठून कामून चूल पेटवू?"

"मावशी, त्या बाया आठवतात? रविवारी पहाटे प्रभूच्या कबरेकडं गेल्या त्या?"

"आठवत्यात की. दर साली सांगता."

"कबर रिकामी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. प्रेत बघायचंय, त्याला सुगंधी लेप लावायचाय, असंच समजून निघाल्या होत्या. भ्यालेल्या होत्या. तरी गेल्या."

"त्यांची रिकामी निघाली," वहिनी म्हणली. "माही निघंल का?"

पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. "नाही, मावशी. तुमची नाही निघणार. मी खोटं बोलणार नाही तुमच्याशी. पण ज्याच्यावर आपला भरवसा आहे, तो स्वतः कबरेत राहून आलाय. तिथला अंधार त्याला ठाऊक आहे. तुम्ही एकट्या उतरणार नाही."

ते उठून गेले. मी मात्र खिळल्यावानी बसून ऱ्हायलो. 'मी खोटं बोलणार नाही', हे त्या परक्या गावच्या तरण्या माणसानं म्हणावं, आन मी घरचा माणूस?

"वहिनी," मी म्हणलो, "मी बघितलं व्हतं."

"काय बघितलं?"

"पेटीत. त्या दिशी चर्चच्या मागं न्हेऊन मी खिळे काढले व्हते. त्योच व्हता. डोक्याकडून वळखू येत नव्हता. सदरा त्योच, तुमी शिवलेला. तुमी इचारलं तवा माह्याच्यानं सांगवलं नाय. सांगितलं आसतं तर तुमी म्हणल्या आसत्या, दाखवा. आन मला ते पुन्यांदा बघायचं नव्हतं."

वहिनी उठली आन काडकन माह्या थोबाडीत मारली. जलमात मला अरेतुरे न केलेली बाई.

"मुडद्या! सा वर्सं! सा वर्सं मी लोकायच्या दारात फोटो घेऊन फिरले, आन तू बघत बसलास? मला येष्टीत बसवून द्यायला बी यायचास! हात हालवायचास खालून!"

"चुकलं, वहिनी. मी भ्यालो."

"भ्यालास! आन म्या काय दिवाळी केली?"

दार लावून घेतलं तिनं. उत्तम शुक्रवारी, म्हंजी गुड फ्रायडेला, चर्चला बी आली नाय. तिच्या घरातून धूर निघाला नाय का आवाज आला नाय. शेजारच्या बायांनी दोनदा कडी वाजवली, तर आतून म्हणली, "जित्ती हाय. जावा."

शनिवारी सकाळी मी कबरस्तानात गेलो तर वहिनी माह्या आधी येऊन बसलेली. मशीन रस्त्यावर उभं व्हतं. ख्रिस्तीवाडा फाटकाच्या भाईर जमलेला, पाळकसाहेब आन बाया हळू आवाजात गाणं म्हणू ऱ्हायल्या व्हत्या. मी पहार घेतली.

"खांदा," वहिनी म्हणली. "शेवटची हातभर माती मी काढणार. तवा तुमी बघितलं. आता माही पाळी."

दोन घंटे खांदलं. पेटीचं लाकूड वाळवीनं खाल्लेलं, कुठं फळी तर कुठं नुसता भुगा. मी आधी डोक्याकडच्या अंगाला पांढरं कापड टाकलं आन तिला हात दिला. तिचे दातावर दात वाजताना ऐकू येत व्हते, एवढ्या उन्हात. मधीच थांबली, डोळे मिटले, व्हट हालले. काय मागितलं देवाकडं, मी इचारलं नाय. मंग उतरली.

गुडघ्यावर बसून हातानं माती सारू लागली. सारता सारता तिच्या हाताला डाव्या हाताचं हाड लागलं. तिनं त्यावरून अंगठा फिरवला, कोपरापासून मनगटाकडं, आन मधीच थांबली. पुन्यांदा फिरवला.

"भाऊजी, इथं गाठ हाय."

मी वाकून बघितलं.

"चिंचेवरून पडला व्हता. नऊ वर्सांचा. पाचोडच्या बाजारात गयासभाईनं हाड बसवलं ते वाकडं बसलं. मी लई भांडले व्हते त्यांच्याशी. पोराला जलमभर गाठ ऱ्हाईल म्हणले व्हते." तिनं ते हाड दोन्ही हातात धरलं. "शमू. आरं शमू. इथंच व्हतास का रं बाळा? मी तुला समद्या शहरात हुडकलं."

आन मंग ती रडली. सा वर्सांचं एकदम. म्या लई माणसं पुरलीत, लई रडणं ऐकलंय, पर तसलं नाय. भाईरचं गाणं थांबलं. मशीनवाल्यानं बी मशीन बंद केलं आन डोक्यावरची टोपी काढली.

किती येळ गेला कुणास ठाव. मी डोक्याकडचं कापड उचलायला वाकलो तर माहेच हात चालंनात. वहिनीनं माह्या मनगटाला धरलं.

"ऱ्हाऊ द्या झाकलेलं, भाऊजी. तुमी सा वर्सं एकट्यानं बघितलं, तेवढं पुरं झालं. तुमी वर जा. बाकीचं मी करते. आता नाय मला भेव वाटत."

मला आपल्या आईनं डोक्यावरून हात फिरवल्यावानी वाटलं. मी साठीचा माणूस, कडंला बसून पोरावानी हमसून रडलो.

एकेक हाड तिनं पदरानं पुसलं आन नव्या पेटीत ठेवलं. सर्जेराव पाटलानं आपला ट्रॅक्टर आणला व्हता. त्यो आमच्यातला नाय, पर शमूच्या बरुबरीनं शाळंत व्हता. वहिनी ट्रॉलीत मांडी घालून बसली, पेटी मांडीवर. गचका बसला का झाकणावर हात ठेवायची.

"हळू हाक रे सर्जेराव. खड्डे हायेत."

"व्हय, काकू," त्यो म्हणला, आन पार माळापरयंत मागं वळून बघितलं नाय त्यानं.

दुसऱ्या दिशी इस्टर. तांबडं फुटायच्या आधी समदे मेणबत्त्या घेऊन माळाकडं निघालो. एवढ्या लांबच्या, उजाड जाग्यात पयल्यांदाच जायाचं, बाया कचरत व्हत्या, तर वहिनीच पुढं झाली. वाट जुन्या कबरस्तानाच्या कडंनी. इस्टर म्हून मशीन आता सोमवारी लागणार व्हतं, तवा खड्डे तसेच उघडे. बत्तीसच्या बत्तीस.

वहिनी फाटकाशी थांबली. मी बी थांबलो. पुढं वाटंवर पाळकसाहेब 'प्रभू उठला आहे' म्हणले, आन लोकांनी 'खरोखर उठला आहे' म्हून जवाब दिला.

"भाऊजी," वहिनी म्हणली, "ही रिकामी निघावी म्हून सा वर्सं मी देवाला भंडावून सोडलं. आज हाय बघा रिकामी."

तिचा आवाज फाटला. मला वाटलं, आता ही इथंच बसंल. पर तिनं पदरानं नाक पुसलं आन मेणबत्तीला हाताचा आडोसा केला.

"चला, पाय उचला. पोरगं तिकडं हाय."