वाटून प्यालेलं जड पाणी

मी जड पाण्याचा एक थेंब बोलतोय. दिसायला तुमच्या माठातल्या पाण्यासारखाच. पण माझ्यातला हायड्रोजन जरा वजनदार, म्हणून माझा बर्फ केलात तर तो साध्या पाण्यावर तरंगणार नाही, तळाशी जाऊन बसेल. जिभेवर ठेवलंत तर किंचित गोड लागेन. आणि माणसाच्या मेंदूत शिरलो तर काय होतं, तेच सांगायची मला इतकी घाई झाली आहे की जन्माची गोष्ट राहूनच जायची.

नद्यांत, समुद्रात, ढगांत आम्ही असतोच, पण हजारो साध्या थेंबांच्या गर्दीत एखादा. तुमच्या अंगातही आत्ता आमचे थोडे भाऊबंद आहेत. कारखान्यात पाणी पुन्हा पुन्हा वेगळं करून आम्हाला गोळा करतात. तेव्हा पहिल्यांदाच आजूबाजूला सगळे आपल्यासारखे दिसतात आणि फार बरं वाटतं. असा मी काचेच्या बाटलीत बसून जपानमधल्या मोरिओका शहरातल्या एका इस्पितळात आलो. रस्त्याकडेचे बर्फाचे ढीग तेव्हा माणसाच्या खांद्याला लागले होते.

तिथे आम्हाला सांभाळायच्या त्या ओइकावा सेन्सेई. भराभर चालणाऱ्या आणि दुपारचा भाताचा गोळा यंत्रासमोर उभ्यानेच खाणाऱ्या डॉक्टर. तिकडे डॉक्टरांना सेन्सेई म्हणतात, बाकी सगळ्यांच्या नावापुढे आदराने सान लावतात. त्यांचं म्हणणं असं की म्हातारा मेंदूसुद्धा रोज काहीतरी नवं बांधत असतो. नसांवरचं स्निग्ध आवरण झिजतं, तसं तो थोडं थोडं नवं घालतो. हे दाखवायचं तर माणसाला काही दिवस जड पाणी पाजायचं आणि मग थांबायचं. पाणी म्हणून आलेले आम्ही श्वासातून, घामातून निघून जाणार. पण नव्या बांधकामात विटेसारखे बसले ते मागे राहणार.

आता अडचण ऐका. साधं एमआरआय यंत्र आमच्या बाबतीत बहिरं असतं. ते साध्या पाण्याचा सूर ऐकतं आणि आमचा सूर फार खालचा. म्हणून सेन्सेईंनी आमचा सूर ऐकणारा एक पिंजरा करून घेतला होता, डोक्याभोवती बसवायचा. विभागप्रमुखांना यातलं काहीच पटलेलं नव्हतं. वसंतापर्यंत चित्र दिसलं नाही तर यंत्राचा वेळ दुसऱ्या कामाला जाईल, हे त्यांनी सेन्सेईंच्या पेल्यात चहा ओतता ओतता, अगदी हसतमुखाने सांगून टाकलं होतं.

माझी बाटली वाट्याला आली कुमागाई तोकिए-सान यांच्या. सत्तरी ओलांडलेल्या, ताठ पाठीच्या. नवरा गेल्यापासून त्यांची एकच तक्रार होती की डोकं थांबलंय, नवं काही आत शिरत नाही. शेजारणीने सकाळी शिकवलेला विणकामाचा टाका संध्याकाळी विसरायचा. संशोधनासाठी माणसं हवी आहेत हे ऐकून त्या आल्या आणि म्हणाल्या, "सेन्सेई, थांबलेलं डोकं चालेल का तुम्हाला? चालतं हवं असेल तर मी आपली घरी जाते."

"थांबलंय की चालतंय, तेच तर बघायचंय," सेन्सेई म्हणाल्या. "बसा तुम्ही."

मग त्यांनी बाटल्या कापडात नीट बांधून, दोन्ही हातांनी पुढे केल्या. सकाळ-संध्याकाळ मापाने प्यायचं, सुरुवातीला चक्कर येईल, घाबरायचं नाही, असं समजावलं. तोकिए-साननी तितकंच वाकून दोन्ही हातांनी त्या घेतल्या.

घरी आल्यावर त्यांनी काय केलं असेल? कुणी आदराने दिलेली वस्तू त्या घरात आधी कुठे जायची, तिथेच त्यांनी आम्हाला नेलं. पितरांच्या लाकडी देव्हाऱ्यापुढे, नवरा शोजी यांच्या फोटोसमोर. छोटी घंटा वाजवली, हात जोडले, मग पहिला घोट घेतला. आणि फोटोकडे बघून म्हणाल्या, "अहो, हे तर गोड आहे."

शोजींना गोडाचं वेड होतं. झालं, त्या दिवसापासून प्रत्येक मापाचे दोन वाटे होऊ लागले. अर्धं त्या प्यायच्या, अर्धं देव्हाऱ्यातल्या पेल्यात. संध्याकाळी पेल्यातलं पाणी रिवाजाप्रमाणे खिडकीतल्या कुंडीत. माझी कितीतरी भावंडं त्या कुंडीत गेली. ते झाड आमच्या भाराने जरा मंदावलंसुद्धा, पण हे सांगणार कोण?

मी मात्र त्यांच्या घोटात आलो. घशातून पोटात, पोटातून रक्तात, आणि हृदयाच्या एका धक्क्यासरशी वर, थेट मेंदूत. काय ती जागा! इतके बारीक रस्ते आणि एकही रिकामा नाही. मी तिथे फिरत असतानाच तोकिए-सान यंत्रात जाऊन झोपल्या. चुंबकाची ठकठक सुरू झाली आणि पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या सुरात हाक मारली. मी जीव खाऊन ओ दिली.

बाहेर पडद्यावर जेमतेम धुरकट डाग उमटला.

सेन्सेईंनी विचारलं, बाटल्या संपल्या का? तोकिए-सान म्हणाल्या, थेंबही ठेवला नाही. चक्कर आली का? अजिबात नाही. दोन्ही उत्तरं खरी होती. पण तिथली माणसं पाय मोडला तरी ठीक आहे म्हणतात, त्यामुळे सेन्सेईंनी दुसरं उत्तर मनावरच घेतलं नाही. अंगात जड पाणी किती भिनलं ते कळावं म्हणून घेतलेला लाळेचा नमुना बाहेरगावी गेला होता, त्याच्या निकालाला वेळ होता. त्यांनी सगळा दोष पिंजऱ्याला दिला, म्हणजे स्वतःवरच घेतला. मी आत ओरडत होतो की तो ठणठणीत ऐकतो, आम्हीच थोडे आहोत!

नंतर सेन्सेई मिठाईचा खोका घेऊन तोकिए-सानच्या घरी गेल्या, माफी मागायला. तुम्हाला इतके दिवस त्रास दिला आणि हाती काही लागलं नाही, हे फोनवर सांगणं त्यांना बरं वाटेना. अशा घरी पाहुण्याने आधी पितरांना उदबत्ती लावायची असते. सेन्सेई देव्हाऱ्यापुढे गुडघे टेकून बसल्या. उदबत्ती लावली. समोर पाण्याने भरलेला पेला होता.

मागून तोकिए-सान सहज म्हणाल्या, "तुमचंच पाणी आहे ते. यांनाही देते रोज अर्धं. गोडावर फार जीव."

सेन्सेई वळल्याच नाहीत. खांदे हलायला लागले. तोकिए-सानना वाटलं, रडताहेत. जवळ जाऊन बघतात तर बाई हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"रोज? बरोबर अर्धं?"

"नवऱ्याला कमी कसं देणार?"

"तोकिए-सान, पडद्यावर बरोबर अर्धंच दिसलं हो. पिंजरा खोटं बोललाच नाही." पुढे लाळेचा निकाल आला, त्यातही तेवढंच निघालं.

तोकिए-सान मात्र ओशाळून गेल्या, जमिनीला कपाळ लावून माफी मागू लागल्या. सेन्सेईंनी त्यांना थांबवलं आणि त्या पुन्हा फोटोकडे वळल्या. दोन्ही हात टेकून म्हणाल्या, "शोजी-सान, थोडे दिवस तुमच्या वाट्याचं पाणी बायकोला पिऊ द्या. तुम्हाला मी मिठाई आणली आहे."

तोकिए-साननी खोका फोटोपुढे ठेवला. मग म्हणाल्या, "हो म्हणताहेत. बीन्सची मिठाई असेल तर ते कशालाही हो म्हणायचे."

त्यानंतर आम्ही पुरते आलो, लोंढ्याने! तोकिए-सानना अशी चक्कर आली की भिंत धरून न्हाणीघरात जाताना त्या शेजारणीला म्हणाल्या, घोटभर साकेही न घेता झिंगलेय, स्वस्तात पडलं. पुढच्या खेपेला ठकठक सुरू झाली आणि आम्ही सगळ्यांनी एका सुरात ओ दिली. पडदा लख्ख उजळला. मेंदूची एकेक घडी दिसली. विभागप्रमुख खुर्ची ओढून जवळ आले आणि त्यांचा चहा गार झाला. पण सेन्सेईंना अजून खात्री नव्हती. हे नुसतं पाणी, त्या म्हणाल्या. पाणी जाऊ दे, मग बघू काय उरतं.

तोकिए-साननी आम्हाला पिणं थांबवलं. माझी भावंडं निघाली. कुणी खिडकीच्या काचेवरच्या वाफेत गेलं, कुणी बर्फ उपसताना आलेल्या घामात, कुणी स्मशानात फुलं ठेवताना डोळ्यांतून. मीही निघालोच होतो. पण वाटेत मेंदूच्या एका बारीक धाग्याजवळ काम चाललं होतं. कुणाला न सांगता, न थांबता. तिथल्या गवंड्यांना वीट हवी होती. मला जड करणारा माझ्यातला हायड्रोजनचा कण त्यांनी घेतला आणि आवरणात बसवून टाकला.

बर्फ वितळला तेव्हा तोकिए-सान पुन्हा यंत्रात झोपल्या. पाण्याचा उजेड नव्हताच, सगळं काळं. सेन्सेई श्वास रोखून बसल्या होत्या. मग त्या काळ्यात एक मंद, न हलणारी लकेर आली. तिच्यात मी होतो.

तोकिए-साननी चष्मा पुसून पडद्याकडे पाहिलं. "हे कधीचं बांधलेलं?"

"या हिवाळ्यातलं," सेन्सेई म्हणाल्या. "सगळं शोजी-सान गेल्यानंतरचं."

तोकिए-साननी त्या लकेरीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मला न विचारताच चालू होतं."

सेन्सेईंना यंत्राचा वेळ मिळाला. पुढच्या बाटल्या आता दुसऱ्या घरी गेल्या आहेत आणि त्या देताना सेन्सेई आधी विचारतात, घरी देव्हारा आहे का.

मी आता पाणी राहिलेलो नाही. कुणी ओतू शकत नाही, पिऊ शकत नाही. एका बाईच्या डोक्यात एका धाग्याभोवती घट्ट बसलो आहे. तिथून काल एक नवा विणकामाचा टाका गेला, अगदी माझ्या अंगावरून, आणि संध्याकाळी तो परत आला! तुमच्यापैकी कुणाला आपलं आतलं सगळं थांबलंय असं वाटत असेल, तर कृपा करून एवढ्यात निकाल देऊ नका. तुमच्या आतही आमचे चार भाऊबंद आहेत, त्यांना विचारा. मला आता परवानगी द्या. इथे काम चालू आहे, आणि बाजूची वीट बसवायला मला थोडं सरकायचं आहे.