कुणी बोट दाखवू नये म्हणून

फुटबॉलच्या पंचांमध्ये त्याला सगळे ‘काटा’ म्हणायचे. तराजूचा काटा, इकडेही नाही आणि तिकडेही नाही. सतरा वर्षं शिट्टी वाजवली, पण याने अमक्याची बाजू घेतली असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. सामन्याच्या आठवड्यात एखादा खेळाडू समोरून येताना दिसला, की हा गडी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर. बायको म्हणायची, “उद्या मी कुठल्या क्लबची टोपी घातली, तर मलाही ओळख दाखवायचे नाहीत तुम्ही.” तो हसायचा, पण ‘नाही’ काही म्हणायचा नाही.

अडचणीचं नातं एकच होतं, आणि तेही त्याने कधी लपवलं नव्हतं. ताईचा नवरा, म्हणजे भावजी, गावातल्या क्लबच्या मैदानावर गवताचं काम बघायचे. रोलर फिरवायचा, पाणी मारायचं, सामन्याच्या सकाळी पांढऱ्या रेघा ओढायच्या. मैदानाच्या मागच्या भिंतीला लागून दोन खोल्या होत्या, त्या नोकरीबरोबर मिळालेल्या. आई गेल्यावर ताईने याच खोल्यांत त्याला लहानाचा मोठा केला. पंचांना दरवर्षी एक फॉर्म भरावा लागतो, कुठल्या क्लबशी नातंगोतं आहे का म्हणून. त्याने सगळं सविस्तर लिहिलं होतं. कमिटीचे अध्यक्ष ते वाचून हसले होते. “अरे, गवत कापणाऱ्याला कसली आलीय बाजू? गवत दोघांच्याही पायाखाली सारखंच. जा तू बिनधास्त.”

म्हणून त्याच मैदानावरचा हंगामाचा शेवटचा सामना त्याच्याकडे आला. यजमान क्लबला बरोबरी पुरे होती. हरले तर खालच्या फळीत जाणार, आणि खालच्या फळीतल्या क्लबला एवढं मैदान पोसवत नाही. मालक ते विकायलाच बसला होता. मैदान गेलं की भावजींची नोकरी गेली, नोकरी गेली की खोल्या गेल्या. हे सगळ्यांना माहीत होतं आणि ताई मात्र त्याच्यापाशी एका शब्दाने बोलली नव्हती. मंगळवारी तो चहाला गेला, तेव्हाही नाही.

घोळ झाला तो त्या चहाच्या वेळी. कप अर्धा झाला असेल नसेल, तोच यजमानांचा कप्तान दारात उभा. डाव्या कोपऱ्यात जमीन फार ओली राहते, एवढंच त्याला भावजींना सांगायचं होतं. आता पंचांचा नियम अगदी साधा आहे, खेळाडू आत आला की आपण बाहेर. पण ताई समोर बसलेली, चहा तिने मुद्दाम आल्याचा केलेला, तसाच टाकून उठायचं जिवावर आलं. तो बसून राहिला. कप्तानाने जाता जाता काहीतरी विनोद केला आणि हा खळखळून हसला. पाच मिनिटं, फार तर सहा. बाहेरच्या पत्र्याच्या शेडपाशी कुणीतरी उभं होतं, याकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

शनिवारी दुपारी तो पंचांच्या खोलीत कपडे बदलायला गेला, तर त्याच्या बाकावर एक पाकीट. आत एकच फोटो. खिडकीतून काढलेला. ताईचं टेबल, कप्तान, आणि तोंड उघडून हसणारा तो. ताई आणि भावजी चौकटीत आलेच नव्हते, जणू त्या खोलीत कप्तान आणि तो असे दोघंच बसले होते. पाठीमागे काही लिहिलेलं नव्हतं. त्याने पाकीट उलटं करून झटकलं, पण त्यातून काहीच पडलं नाही.

कुणी ठेवलं हे? दारावरच्या शिपायाला विचारलं, तर तो म्हणाला, “इथून कुणीच आत गेलं नाही, साहेब.”

समोरच्या खोलीत सामन्याचे निरीक्षक बसले होते. उठायचं, फोटो त्यांच्या हातात द्यायचा, आणि म्हणायचं की आज शिट्टी राखीव पंचाला द्या. वीस पावलं सुद्धा नव्हती हो! पण मग उद्या पेपरात तोच फोटो, खाली काटा कसा कलला त्याची चर्चा, आणि सतरा वर्षं पाण्यात. तो दारापर्यंत गेला आणि परत आला. फोटो बॅगेच्या तळाशी घातला. ज्याने पाठवला तो काहीतरी मागेल, असं त्याला वाटलं. मागितलं की ‘नाही’ म्हणायचं, विषय संपला. तोवर आज आपण असा खेळ चालवायचा, की आपण यजमानांचे आहोत असं म्हणायला कुणाची जीभच रेटणार नाही.

मागायला कोणी आलंच नाही. मैदानात उतरण्याची वेळ झाली.

आठव्या मिनिटाला कप्तानाचा खांदा एकाला लागला. एरवी त्याने नुसतं बोट हलवलं असतं. आज पिवळं कार्ड काढलं. कानातल्या यंत्रात रेषेवरचा सहकारी हळूच म्हणाला, “सर, जरा कडक होतंय का?” त्याने कार्ड खिशात घातलं आणि खेळ सुरू केला. प्रेक्षकांत शिव्या सुरू झाल्या आणि त्याला चक्क बरं वाटलं. शिव्या यजमानांच्या लोकांकडून येत होत्या ना!

मग त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. पाहुण्यांची पोरं पडत होती. नेहमी पडतात तशी नाही, तर कप्तान जवळ आला की पडत होती, आणि पडल्या पडल्या कप्तानाकडे न बघता याच्याकडे बघत होती. पहिल्यांदा त्याने खेळ चालू ठेवला. दुसऱ्यांदाही. दुसऱ्यांदा पडलेला पोरगा उठताना त्याच्या बाजूने गेला आणि छान गोड हसला. याला माहीत आहे, त्याला वाटलं. या सगळ्यांना माहीत आहे.

शहाऐंशीव्या मिनिटाला गुणफलकावर शून्य शून्य होतं. चेंडू यजमानांच्या पेनल्टी बॉक्समध्ये आला, तोच गोड हसणारा पोरगा धावला, कप्तानाने पाय घातला आणि पोरगा कोसळला. हा दहा पावलांवर होता. कप्तानाचा बूट आणि पोराची नडगी यांच्यात वीतभर हिरवं गवत त्याला स्वच्छ दिसलं. स्पर्श नव्हता. देवाशप्पथ नव्हता. या पातळीच्या सामन्यांना व्हिडिओ तपासणी नसते, रेषेवरचा सहकारी खेळाडूंच्या गर्दीमागे अडकलेला, जे काय होतं ते याच्या एकट्याच्या डोळ्यांत होतं. आणि डोक्यात फक्त फोटो होता. हे सोडलं तर सगळे म्हणणार, चहा वसूल झाला.

शिट्टी वाजली. हात पांढऱ्या ठिपक्याकडे गेला.

कप्तान भांडला नाही. नुसता जवळ येऊन म्हणाला, “सर, तुम्ही बघितलंय.” त्याने मान वळवली. गोल झाला, चार मिनिटांनी सामना संपला, आणि यजमान खालच्या फळीत गेले.

खोलीत निरीक्षक आले ते हात पसरूनच. “दहापैकी नऊ! मी आजवर कुणाला आठच्या वर दिलेले नाहीत. स्वतःचे भावजी या मैदानावर कामाला, आणि तरी शेवटच्या मिनिटांत पेनल्टी! याला म्हणतात पंच. करंडकाच्या फायनलला तुमचंच नाव जाणार, लिहून ठेवा.”

ते गेल्यावर पाहुण्या क्लबचे सेक्रेटरी दारात उभे राहिले. टापटीप, हसतमुख माणूस. आत आले नाहीत, उंबऱ्यावरूनच बोलले.

“फोटो मिळाला ना?”

“तुम्ही? काय हवंय तुम्हाला?”

“काहीच नको. आम्ही मागितलं का काही? दुसरा पंच असता तर पाकिटात वेगळं काहीतरी घालावं लागलं असतं. तुम्ही पडलात प्रामाणिक. आमच्या पोरांना म्हटलं, कप्तान जवळ आला की नुसते पडत राहा, बाकीचं साहेब बघतील.” ते जायला वळले. “फायनलला या. तिथंही तुमचं ओळखीचं कुणीतरी असेलच की. माणूस म्हटला की चार ओळखी असायच्याच.”

पावलं लांब गेली. टेबलावर सामन्याचा अहवाल पडला होता, दोन तासांत सही करून द्यायचा. शेवटी एक रकाना असतो, ‘इतर काही’. तिथं चार ओळी लिहिल्या, फोटो आणि ते वीतभर गवत, तर सामना पुन्हा खेळवावा लागला असता. ताईच्या खोल्या कदाचित वाचल्या असत्या. याचं मात्र नाव बुडालं असतं, कायमचं. त्याने पेन उघडलं. त्याने लिहायला घेतलं, हे खरं आहे. ‘सामन्यापूर्वी मला’ इतकं लिहूनही झालं.

तेवढ्यात भावजी आले. विजारीला चुना, हातात टोपी. इतक्या वर्षांत सामन्यानंतर ते कधी या खोलीत आले नव्हते.

“बाळ्या, येऊ का रे? नियमात बसतं ना?”

“या भावजी.”

ते बसले नाहीत. “बाहेर लोक वाट्टेल ते बोलतायत. गेटवर एकाची तर मी कॉलरच धरली. म्हटलं, आमच्या बाळ्यानं दिलंय म्हणजे असणारच. ताई तुझी रडतेय, पण ती खोल्यांसाठी, तुझ्यावर नाही हां राग तिचा. मला एकच सांग, म्हणजे मला तिला सांगता येईल.” त्यांनी टोपी दोन्ही हातांत घट्ट धरली. “पाय लागला होता ना रे?”

आता सांग ना, मेल्या! एका शब्दाचं काम होतं. समोर दुसरं कुणी नव्हतं, पेपरवाला नाही, कमिटी नाही. पण सतरा वर्षांत त्याच्याकडे असं डोळे भरून कुणी बघितलं नव्हतं, आणि ते बघणं त्याला सोडवेना.

“लागला होता,” तो म्हणाला.

भावजींनी लगेच विश्वास ठेवला. चेहरा एकदम सैल झाला. “मग झालं तर! मग आम्हाला काही वाटत नाही बघ. खोल्या काय, मिळतील कुठंतरी.” त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायचे तसा, आणि ताईला सांगायला घाईघाईने निघाले.

त्याने ते दोन शब्द खोडले, वर ‘काही नाही’ असं लिहिलं, आणि सही केली.