गच्चीवरचे पांढरे दाणे

खडूमास्तरांनी उभ्या आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. ते शहराच्या मैलापाणी केंद्रात नळकारागीर होते. गाळ पिळून निघालेलं पाणी ज्या नळांतून जातं, त्यांच्या वळणांवर आतून पांढरा दगड धरतो. तो छिन्नीने फोडायचा, हे त्यांचं काम. संध्याकाळी कपड्यांवर पांढरी भुकटी घेऊन ते बाहेर पडायचे, म्हणून सोबत्यांनी हे नाव ठेवलं. सव्वीस वर्षं त्यांनी तो दगड फोडला आणि कुंपणाजवळच्या खड्ड्यात फेकला. मग एके वर्षी साहेब म्हणाले, अहो, हे तर स्फुरद, पिकाचं खाणं. शेतकरी हेच लांबच्या देशातून बोटीने आलेलं विकत घेतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

आता तो दगड नळात धरायची वाटच बघत नाहीत. एक उंच टाकी बसवलीय, तिला मधोमध काचेची खिडकी आहे. गढूळ पाणी खालून वर चढतं, त्यात एक रासायनिक मीठ पडतं, आणि पाण्यातच पांढरे कण जमू लागतात. ते वर जातात, खाली येतात, रेंगाळतात, पुन्हा वर जातात. मोहरीएवढे झाले की तळाला बसतात. मग धुणं, वाळवणं, प्रयोगशाळेतल्या मुलीने तपासून पास करणं, आणि शेवटी पोतं.

मास्तरांचं नळ फोडायचं काम जवळजवळ संपलं होतं. उरलेला वेळ ते त्या खिडकीशी बसत. दुपारचं ऊन काचेतून पाण्यात उतरे, दाणे त्यात हळूहळू फिरत, आणि मास्तरांना वेळेचं भान राहत नसे. त्यांना वाटे, सगळं शहर इथे आत फिरतंय. शाळेतल्या पोरांचा डबा, आजाऱ्याला चमच्याने भरवलेला घास, लग्नातली पंगत, भांडण झाल्यावर गुपचूप खाल्लेला एखादा तुकडा. सगळे आले, एकमेकांना चिकटले, पांढरे झाले. सोबती म्हणत, मास्तरांची समाधी लागली, घंटा वाजवा. मास्तर हसत आणि पुन्हा बघत बसत.

पास झालेले दोन मुठी दाणे त्यांनी रीतसर मागून घरी आणले होते आणि गच्चीवरच्या डब्यांतल्या मातीत मिसळले होते; उरलेले थोडे पुडीत बांधून ते खिशात बाळगत. शेंगा आणि टोमॅटो असे लागले, की बायको म्हणाली, इतक्या वर्षांत तुम्ही घरी आणलेली ही पहिली कामाची वस्तू.

आता ताई. ताई मास्तरांहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्यांना न्हाऊमाखू घातलं, पाढे पाठ करून घेतले, कान उपटले. पण मास्तरांनी ही नोकरी धरली आणि ताईने त्यांच्या घरचं पाणी सोडलं. यायची, दाराजवळच्या खुर्चीत बसायची, नाकाला रुमाल लावायची आणि अर्ध्या तासात उठायची. मास्तर कामावरच अंघोळ करत, घरी आल्यावर पुन्हा करत, साबण बदलून बघत. पालथ्या घड्यावर पाणी. “तू अजून जिन्यात असतोस ना, तेव्हाच मला वास येतो,” असं ती म्हणे, आणि ते मान खाली घालत.

यंदा तिच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, दहाव्या दिवसापर्यंत दोन्ही डोळे बांधलेले राहतील, डोळा हलता कामा नये. मुलगा परदेशी. दुसरं होतं कोण? ताई भावाच्या घरी आली, पण अट घालून. खाणंपिणं बाजारातलं, गच्चीवरचं पान सुद्धा नाही. मास्तरांनी शब्द दिला.

तीन दिवस शब्द पाळला. चौथ्या दिवशी बाजार बंद होता, आणि बायकोने विचारायच्या भानगडीत न पडता गच्चीवरच्या शेंगा शिजवल्या. ताईने पहिला घास घेतला आणि हात थांबवला.

“कुठून आणल्यास रे या?” ताई म्हणाली. “आईच्या परसात अशा शेंगा व्हायच्या. तू तेव्हा रांगत होतास.”

मास्तर म्हणाले, नवा भाजीवाला आहे. ताईने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

त्यानंतर रोज तेच. ताई पट्टीच्या आड बसून परसाविषयी बोलायची: कोपऱ्यातला वेल, ओल्या मातीत उमटलेले आईचे पाय, टोमॅटो झाडावरच चावून खाल्ल्याबद्दल बसलेला मार. मास्तरांना आईचा चेहरा आठवत नव्हता. ताईचा आवाज ऐकताना खोलीतला उजेड मऊ व्हायचा, आणि त्यांना वाटायचं की आपणही त्या परसात कुठेतरी रांगत आहोत. पन्नाशी उलटलेल्या माणसाला असं वाटू नये, पण वाटायचं.

आणि त्याच वेळी आतून कुरतडणंही चालू होतं. पट्टी सुटली की ताई गच्चीवर जाणार, डबे बघणार. जिने त्यांना घास भरवला, तिला त्यांनी फसवून घास भरवला होता. कळलं तर ती या घराची पायरी पुन्हा चढणार नाही, हे ते ओळखून होते. बायको म्हणे, पट्टी सुटेपर्यंत मूग गिळून बसा. पण मास्तरांना घास गिळवेना.

नवव्या दिवशी केंद्रात एक जुना नळ तुंबला. बऱ्याच महिन्यांनी छिन्नी हातात घ्यावी लागली. काम संपलं, तेव्हा मास्तरांनी ठरवून टाकलं, आज सांगायचंच. अंघोळीला थांबलो तर धीर सुटेल, म्हणून ते तसेच निघाले, कामाच्या कपड्यांत, कोपरापर्यंत भुकटीने माखलेले, नेहमीपेक्षा तासभर आधी.

बायको गच्चीवर होती. ताई खिडकीशी बसली होती, चेहऱ्यावर ऊन घेत. मास्तर तिच्या शेजारच्या स्टुलावर बसले. गुडघ्याला गुडघा लागेल इतकं अंतर.

स्टूल करकरलं, तशी ताई म्हणाली, “आलीस का गं खाली? ती खिडकी पूर्ण उघड बाई. त्याची यायची वेळ होत आली. आधी वास येतो, मागून तो येतो.”

मास्तर हलले नाहीत. स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. खोलीत दुपार संथ वाहत होती, उन्हात भुकटीचे कण वर जात होते, खाली येत होते. त्यांना हसू आलं आणि त्याच्याच पाठोपाठ रडू आलं.

“ताई,” ते म्हणाले, “मीच बसलोय इथे. अंघोळ न करता.”

ताईचा चेहरा आवाजाकडे वळला. मास्तरांनी लगेच सगळं सांगून टाकलं: भाजीवाला नाही, गच्ची आहे, आणि डब्यांत काय घातलंय तेही. पहिल्या दिवशी चुकून, नंतरचे पाचही दिवस जाणूनबुजून. रागाव, म्हणाले, पण आता लपवणार नाही.

ताईने हात पुढे केला. मास्तरांनी आपला हात त्यात दिला. तिने तो नाकाशी नेला. तळवा, मग मनगट, मग बाहीची कड. लहानपणी ते बाहेरून खेळून आले की ती असंच हुंगून बघायची.

“काहीच येत नाही रे,” ती म्हणाली. “ओल्या खडूचा येतो थोडा.” मग आवाज अगदी खाली गेला. “इतकी वर्षं मला कशाचा वास येत होता?”

मास्तरांनी नुसता तिचा हात धरून ठेवला. वर गच्चीवर बायको डबे सरकवत होती, त्याचा आवाज येत होता.

“पट्टी उद्या काढणार ना?” ताईने विचारलं.

“उद्या सकाळी.”

“मग आत्ताच ने मला वर,” ती म्हणाली आणि चाचपडत उठली. “उद्या डोळे उघडले आणि मला पुन्हा तो वास यायला लागला तर?”

मास्तरांनी खिशातल्या पुडीत उरलेले दाणे तिच्या मुठीत घातले आणि तिचा दंड धरला. जिना अरुंद होता. ते एकेक पायरी मोजत होते आणि ताई त्यांच्या पाठोपाठ, पाढे म्हणायची त्याच सुरात, आकडा पुन्हा म्हणत होती. वर गेल्यावर तिने पायातल्या चपला काढल्या, पहिल्या डब्यापाशी खाली बसली, आणि माती किती ओली आहे ते बोटाने बघू लागली.