पलंगाचं माप

मिस्त्रीनं टेपचं टोक गादीच्या कडेला धरलं आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूला निघाला. अर्ध्या वाटेत टोक सुटलं आणि पाती सळसळत मागे आली. त्यानं पुन्हा धरलं. पुन्हा सुटलं. लाकडावर टेपचा आकडा अडकतो, गादीला अडकायला कड नसते. शेवटी त्यानं टोकावर उशी ठेवली, उशीवर इस्त्री ठेवली आणि मग माप घेतलं. एवढी वर्षं घरात माप घेताना दुसरं टोक बायको धरायची. "नीट धर," असं तो दर वेळी म्हणायचा आणि "धरलंय," असं ती दर वेळी सांगायची.

माप तेच निघालं, जे त्याला आधीपासून ठाऊक होतं. पलंग त्यानंच केला होता.

टेबलावरचा लॅपटॉप मुलीचा जुना होता. ती मागच्या खेपेला आली तेव्हा त्यात गोधडीची मांडणी करून दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून गेली होती. काही दिवस फुकट वापरायचं, आवडलं तर विकत घ्यायचं. नाही घेतलं तर ठरलेल्या दिवशी ते बंद पडणार आणि त्यात केलेलं सगळं पुसलं जाणार. आज तो दिवस होता.

बायकोनं कापून ठेवलेले कापडाचे चौकोन पत्र्याच्या डब्यात होते. त्याचे कामाचे सदरे, मुलीचे लहानपणचे फ्रॉक, स्वयंपाकघरातला जुना पडदा, पाहुण्यांसाठी ठेवलेली आणि कधीच न वापरलेली चादर. सगळे सहा इंची. आजारपणात ती पलंगावर पाठीशी उशी घेऊन बसायची आणि कापत राहायची. तो विचारायचा, "किती राहिलं?"

"होतंय."

"घाई काय आहे? थंडी अजून लांब आहे. तोवर तू खडखडीत बरी होशील, मग बस शिवत."

"हो," ती म्हणायची आणि कात्री चालू ठेवायची.

डॉक्टरांनी जे सांगायचं ते त्याला आणि मुलीला बाहेर जिन्याजवळ उभं करून सांगितलं होतं. तिला कळू द्यायचं नाही, असं बापलेकींनी तिथेच ठरवलं. थंडीपर्यंत ती राहिली नाही.

फोन वाजला. मुलगी रोज याच वेळेला, कामावरून घरी जाताना फोन करायची. सॉफ्टवेअर आल्यापासून रोज. त्याआधी रविवारीच यायचा.

"बाबा, काय ठरलं? आज संपतंय ते."

"बघतोय."

"अहो, पंधरा दिवस बघताय तुम्ही! लग्नाला मुलगी बघतानासुद्धा एवढा वेळ नसेल घेतला."

"तेव्हा तर एका चहातच उरकलं होतं."

ती हसली. मग म्हणाली, "मी पैसे भरते ना इथून. तुम्ही फक्त हो म्हणा."

"पैशांचं नाही गं. अजून जमत नाहीये ते."

"कारण तुम्ही हट्ट धरलाय. एकाच्या पलंगाची करा म्हटलं, तर उरलेल्या तुकड्यांच्या उशा शिवता येतील. चांगल्या चार उशा होतील."

"तिनं उशांसाठी नव्हते कापले."

"मग दोघांच्या पलंगाला पुरत नाहीत, त्याला मी काय करू?"

अडचण एवढीच होती. चौकोन दोनशे सोळा होते. त्यानं दोनदा मोजले होते. पलंगाचं माप एकाचं घातलं, की लॅपटॉपच्या पडद्यावर गोधडी भरून जायची आणि कोपऱ्यात आकडा यायचा : उरलेले तुकडे सहासष्ट. दोघांचं माप घातलं, की शेवटच्या ओळीत नऊ चौकोन पांढरेच राहायचे. एकाला फार होत होते आणि दोघांना थोडे कमी पडत होते. ज्या माणसानं दोनशे सोळा कापले, त्याचे नऊच राहिले, असाच त्यानं याचा अर्थ लावला होता. ती दोघांची करत होती. नऊ चौकोनांसाठी दिवस पुरले नाहीत.

"रात्री फोन करते," मुलगी म्हणाली. "तोवर ठरवा. नाहीतर मी आपली भरून टाकते पैसे."

फोन ठेवल्यावर त्यानं डबा काखेत मारला आणि खाली उतरला.

इमारतीच्या तळमजल्यावर टेलरबाईंचं दुकान होतं. एक मशीन, एक मोठं टेबल आणि भिंतीला टांगलेले, कुणी न नेलेले कपडे. त्याची बायको दुपारची बरीचशी इथेच असायची. तो स्वतः फार तर दोनदा आला असेल, टेबलाचा पाय बसवायला.

"या, मिस्त्रीभाऊ," टेलरबाई दातांत धरलेली टाचणी काढत म्हणाल्या. "झाली का तुमची कॉम्प्युटरवरची गोधडी? थंडी सुरू झाली की तोच पांघरून झोपा."

"नऊ तुकडे कमी पडतायत, ताई. याच्याशी जुळेल असं काही असेल तुमच्या चिंध्यांत, तर बघा."

"नऊच?" त्यांनी डबा स्वतःकडे ओढला. वरचे चार-पाच चौकोन काढून त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. "वहिनींचा हात बघा. एक दोरा सुटलेला नाही. आमच्याकडे चार वर्षं शिकलेल्या पोरींना नाही जमत असं." मग त्यांनी एक चौकोन उलटून पाहिला. "माझी मोठी कात्री त्यांच्याकडेच होती ना. तुम्ही कामावर असताना एकदा खाली उतरून द्यायला आल्या. मी ओरडले, म्हटलं जिना उतरलात कशाला, निरोप दिला असता तर मी आले असते. तर म्हणाल्या, झालं माझं कापून, आता तुम्हाला लागेल."

"हात दुखायला लागले होते तिचे," मिस्त्री म्हणाला.

"असेल." टेलरबाईंनी चौकोन टेबलावर मांडले. "पण नऊच कसे कमी? केवढी करताय?"

त्यानं पलंगाचं माप सांगितलं. तुकडा सहा इंचाचा, आडवे पंधरा, उभे पंधरा. त्यानं गणित तोंडी सांगितलं. ते चुकायचं कारणच नव्हतं.

टेलरबाईंनी दोन चौकोन घेतले, एकावर एक ठेवले, मशीनखाली सरकवून एक टीप मारली, दोरा तोडला आणि जोड उघडून त्याच्या पुढ्यात ठेवला.

"मोजा."

त्यानं खिशातला टेप काढला. मोजलं. टेप उलटा धरून पुन्हा मोजलं.

"अकरा."

"अकराच येणार."

"सहा आणि सहा बारा होतात. इंचभर गेलं कुठं?"

"शिवणीत! अर्धा इंच याचा, अर्धा इंच त्याचा. तुम्ही काय, तुकड्याला तुकडा भिडवून सरस लावणार होतात?" त्या मोठ्यानं हसल्या. "आयुष्य गेलं तुमचं कापण्यात आणि जोडण्यात, भाऊ!"

मिस्त्रीलाही हसू आलं. पहिल्या दिवशी मुलीनं एकेक रकाना वाचून दाखवला होता. शिवणीसाठी किती सोडायचं, असाही एक होता. तो म्हणाला होता, "शून्य टाक. तुकडे कापून तयार आहेत." करवतीत जायचं ते कापतानाच जातं. एकदा कापलेली फळी जोडताना कमी होत नाही. मुलीला शिवणातलं काही येत नव्हतं, तिनं शून्य टाकलं.

"म्हणजे नऊ नाही, ढीगभर कमी पडणार," टेलरबाई तुकडे परत डब्यात ठेवत म्हणाल्या. त्या आता हसत नव्हत्या. "दोघांच्या पलंगाला हे काही पुरायचे नाहीत. कापड आहे माझ्याकडे, पण ते आपलं कुठलंही. घरातलं नाही. बघा, विचार करा."

"बघतो," तो म्हणाला.

जिना चढताना तो मधल्या मजल्यावर थांबला. दम लागला म्हणून नव्हे. आतापर्यंत शेवटची एकच ओळ अपुरी होती आणि ती भरून काढता येईल, असं त्याला वाटत होतं. नऊ तुकडे तर कुणीही देईल. ढीगभर म्हणजे ती अर्ध्यावरच सोडून गेली. आणि तो तिला रोज सांगत होता, घाई काय आहे.

घरात येऊन त्यानं दिवा लावला आणि लॅपटॉप उघडला. पडद्यावर वर लाल पट्टी होती : मुदत आज संपत आहे. त्यानं शिवणीचा रकाना शोधला, शून्य खोडलं आणि अर्धा इंच घातला. गोधडी पडद्यावर आकसली. खाली आणि उजवीकडे पांढरे चौकोन पसरत गेले. ओळीमागून ओळ. कमी पडणारे तुकडे एकशे आठ.

तो ते बघत बसला. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा आवाज येत राहिला आणि थांबला.

मग त्यानं मुलीच्या म्हणण्याप्रमाणे एकाचं माप घातलं. आता उशांपुरते तरी तुकडे उरतात का, एवढंच त्याला बघायचं होतं. तिला तेवढं तरी सांगता आलं असतं.

पांढरं गेलं. आडवे बारा, उभे अठरा. सगळ्या ओळी भरल्या. त्यानं कोपऱ्यातला आकडा वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. कमी पडणारे तुकडे शून्य. उरलेले तुकडे शून्य.

काहीतरी चुकलं असेल म्हणून तो डबा घेऊन बसला आणि तुकडे तिसऱ्यांदा मोजले. दोनशे सोळा. मग पाठकोरा कागद घेऊन हातानं गणित केलं. बारा गुणिले अठरा. बराच वेळ तो पेन्सिल त्या आकड्यावर धरून बसला.

डब्यात एकही वाकडातिकडा तुकडा नव्हता, अर्धवट कापलेली बाही नव्हती, पुढे कापायला ठेवलेलं कापड नव्हतं. हे त्यानं आधीही पाहिलं होतं. ती नीटनेटकी होती, म्हणून असेल, असं त्याला वाटलं होतं.

फोन वाजला.

"भरू ना पैसे?" मुलगी म्हणाली. मागे भांड्यांचा आवाज येत होता. "पाऊण तास राहिलाय, बाबा."

"नको."

"नको? मग एवढे दिवस केलेलं सगळं जाईल की."

"जाऊ दे. आता लागणार नाही ते."

"आणि कमी पडणारे तुकडे?"

"कमी नाहीत पडत. मी माप चुकीचं घातलं होतं. शिवणीत कापड जातं, ते धरलंच नव्हतं मी. टेलरबाई हसल्या मला."

"अय्या! मग आता दोघांच्या पलंगाला पुरतंय?"

मिस्त्रीनं फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"एकाच्या," तो म्हणाला. "एकाच्या पलंगाला पुरतंय. बरोब्बर. एक इकडे नाही, एक तिकडे नाही."

भांड्यांचा आवाज थांबला. नळ बंद केल्याचं त्याला ऐकू आलं.

"आईनं कधी घेतलं होतं हे कापायला?" तिनं विचारलं. "डॉक्टर आपल्याशी बोलले, त्याच्यानंतर ना?"

त्यानं आठवून पाहिलं. पडदा काढला तो दिवस त्याला आठवत होता, कारण स्वयंपाकघरात एकदम ऊन आलं होतं आणि तो तिच्यावर चिडला होता. तेव्हा ती अजून उभी राहून कामं करत होती. डॉक्टरांकडे त्या वेळी एकटीच जाऊन यायची.

"आधी," तो म्हणाला.

लाल पट्टीवरची मिनिटं उतरत गेली, पडदा एकदा पांढरा झाला आणि विझला. दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.