आईच्या मातीचा विधी

माझे वडील श्रीपत आमच्या बौद्धवाडीचे बौद्धाचार्य. पोलादपूर सोडून आंबेनळीच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर आमची वाडी. तिथलं बारसं असो, लग्न असो की मयत, पांढरा झब्बा-लेंगा घालून पुढे बसणार ते बाबाच. ते म्हणतील ते वाडी मागून म्हणणार. घरात मात्र आपला झब्बा कुठल्या खुंटीला आहे हे त्यांना कधी ठाऊक नसायचं. तो धुऊन, नीळ देऊन, घडी घालून हातात द्यायला माझी आई होती, गीताबाई.

आईला सगळे विधी तोंडपाठ होते. तिला कुणी शिकवले नव्हते. सकाळी बाबा बाहेरच्या खोलीत वंदना म्हणायचे आणि प्रत्येक ओळीला आतून आईचा आवाज यायचा, भाकरी थापता थापता. तरुणपणी एकदा तिनं बौद्धाचार्यांच्या शिबिराला यायचं म्हटलं, तेव्हा बाबा म्हणाले होते, "मग चुलीपुढं कोण बसायचं, मी?" हा किस्सा बाबा पाहुण्यांना हसत हसत सांगायचे. आईही हसायची. मला मात्र तो किस्सा ऐकला की डोक्यात तिडीक जायची. अजूनही जाते.

मग घरात आम्रपाली आली. माझा धाकटा भाऊ सुहास महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर कामाला जातो, त्याची ही बायको. महाडची मुलगी, बी.ए. झालेली. तिनं महाडला बायकांसाठी निघालेलं शिबिर केलं, परीक्षा दिली आणि बौद्धाचार्य होऊन घरी आली. तिचे उच्चार बाबांनीच घासूनपुसून घेतले, हे मान्य केलं पाहिजे. सून शेजारी बसून गाथा म्हणते याचं त्यांना भारी कौतुक. पण ते कौतुक उंबऱ्याच्या आतलं. वाडीतल्या बौद्ध मंडळाच्या शाखेत विषय निघाला तेव्हा असं ठरलं की आम्रपालीनं बारशी करावीत, घरभरणी करावी, वाढदिवस करावेत. लग्न नको. आणि मयत तर नाहीच नाही.

कारण काय, तर आमच्याकडे बायका मातीला जात नाहीत. वाडीखालचा पऱ्या ओलांडला की स्मशान. बायकांनी त्या ओढ्यापर्यंत जायचं, अलीकडे थांबायचं आणि पुरुष परत येईस्तोवर रडायचं. हे आपल्या धम्मात कुठे लिहिलंय, असं मी एकदा बाबांना विचारलं. "रीत हाय ती," ते म्हणाले. जुन्या सगळ्या रिती मोडून आलेली आमची माणसं, ही एक तेवढी कनवटीला खोचून आणली. मी महाडला शाळेत शिकवते, त्यामुळे माझ्या तोंडी लागायला वाडीतले पुरुष जरा बिचकतात. पण बिचकणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

आई आजारी पडली ती उठलीच नाही. महाडच्या दवाखान्यातून घरी आणली तेव्हा काय ते तिलाही कळलं होतं आणि आम्हालाही. एका दुपारी मी तिच्या उशाशी बसले होते, शेजारची प्रयागबाई पायाशी होती आणि आम्रपाली पेज भरवत होती. आईनं चमचा बाजूला सारला आणि तिला म्हणाली, "माझ्या मातीला तिसरण तू द्यायचंस गो."

आम्रपालीनं चमचा वाटीत ठेवला. "मी, आई?"

"तू नाय तर कोण? जलमभर यांच्या मागनं म्हटलं. माझ्या वक्ताला तरी बाई पुढं ऱ्हाऊ दे."

"आणि ते ऐकायला तू असणार आहेस का?" मी म्हटलं. रडू आवरायचं असलं की आमच्या घरात अशी चेष्टा करतात.

"मी नसंन. वाडी हाय ना ऐकायला."

आम्रपालीनं "देईन, आई" म्हटलं आणि पुन्हा चमचा भरला. प्रयागबाईनं डोळ्याला पदर लावला आणि त्याच पदराआडून म्हणाली, "पन श्रीपतदादा ऐकतील व्हय?"

त्याच संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. ते अंगणात कोयत्याला धार लावत बसले होते. आईनं काय मागितलंय ते शब्दाला शब्द सांगितलं. त्यांनी कोयत्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बघू." आमच्या वाडीत बघू म्हणजे नाही.

आई गेली ती सकाळी, चहाच्या वेळेला. आमच्याकडे मयत झालं की आधी मुंबईला फोन जातो, रडण्याचं मग. मुंबईकर गाड्या करून येईपर्यंत मयत हलत नाही. बाबांनी त्या मधल्या वेळात शेजारच्या वाडीचे आचार्य धोंडूकाका यांना निरोप धाडला. स्वतःची बायको गेली असली की बौद्धाचार्यानं विधी करायचा नसतो, त्यानं घरच्यांसारखं समोर बसायचं. आम्रपाली पांढरी साडी नेसून, आईला आंघोळ घालून, मेणबत्त्या आणि फुलं ताटात मांडून तयार होती. तिला कुणी काही म्हणालं नाही. हेच मला धोक्याचं वाटलं.

दुपारी मुंबईकर उतरले. त्यांच्या मुंबई शाखेचा अध्यक्ष विनीत बँकेत आहे, माझ्याहून लहान आहे आणि भाषण केल्याशिवाय त्याला पाणी पचत नाही. आम्रपालीच्या पांढऱ्या साडीकडे आणि हातातल्या ताटाकडे बघून त्यानं बाबांना बाजूला घेतलं. मी तिथे गेलेच.

"ताई, पर्सनली माझा विरोध नाय हां," विनीत म्हणाला. "पण प्रॅक्टिकली बघा. आज वहिनी पऱ्या ओलांडतील, उद्या सगळ्याच लेडीज निघतील."

"निघू देत. काय बिघडेल? मेलेलं माणूस उठून बसेल?"

"तसं नाय ताई. असा डिसीजन अचानक नाय घेता येत. मीटिंग लावावी लागेल. गावची शाखा, मुंबईची शाखा, दोन्हीकडं पास झालं पाहिजे."

"महाडच्या परिषदेला आपल्या आज्या गेल्या, त्या काय वेशीवर थांबल्या होत्या? त्यांनी कुणाच्या शाखेला विचारलं होतं रे?"

विनीत बाबांकडे बघायला लागला. धोंडूकाका खुर्चीत बसून होते. भला माणूस. म्हणाले, "माझं काय नाय बाबा. सांगाल तर करतो, नाय तर बसतो." मी सुहासकडे पाहिलं. तो म्हणाला, "ताई, बाबा काय ते ठरवतील ना." माझा भाऊ वसाहतीत ॲसिडच्या टाकीपाशी बिनघोर उभा राहतो, पण बाबांपुढे नाही.

म्हणजे सगळं बाबांवर आलं. त्यांनी एकदा तिरडीकडे पाहिलं, एकदा आम्रपालीकडे. मला खरंच वाटलं की ते हो म्हणतील. ते म्हणाले, "धोंडू, चल."

पऱ्यापर्यंत आम्रपाली तिरडीच्या मागोमाग चालली. ताट तिच्याच हातात होतं. पाण्यापाशी बाबा मागे वळले आणि हळूच म्हणाले, "पोरी, इथवरच." ताट त्यांनी काढून घेतलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "जा तू. कोण अडवतं बघते मी." तिनं मान हलवली. "नको वन्सं. आईंना खांद्यावर ठेवून भांडायचं?" मी तिच्या पाठीवरचा हात काढून घेतला. पुरुष पलीकडे गेले.

धोंडूकाकांच्या तोंडात दात नाहीत. पऱ्याच्या अलीकडे आम्हाला नुसती हवा ऐकू येत होती. "तू इथूनच म्हण," मी आम्रपालीला म्हटलं, "निदान आपल्या बायकांना तरी ऐकू दे."

"मागितल्याशिवाय देत नाहीत, वन्सं," ती म्हणाली.

तशी रीत आहे खरी. आधी घरच्यांनी हात जोडून तिसरण आणि शील मागायचं, मग आचार्यानं द्यायचं. न मागता देता येत नाही. पलीकडे बाबा त्या क्षणी धोंडूकाकांकडे मागत होते. आम्रपाली ओठ मिटून उभी राहिली, आणि प्रयागबाईनं असा हंबरडा फोडला की मग सगळ्याच रडलो. मी आईसाठी रडले आणि रागानंही रडले, दोन्ही एकदमच.

मयतानंतरच्या पुण्यानुमोदनाचा दिवस उजाडेपर्यंत मी रजा काढून वाडीतच राहिले. बाबांशी बोलत नव्हते. चहा पुढे ठेवायचा, जेवण वाढायचं, एवढंच. मातीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे वंदनेला बसले. पहिली ओळ म्हणून थांबले. आतून आवाज यायचा तो आला नाही. चुलीपुढे आम्रपाली होती, तिला सगळं येत होतं, पण ती गप्प राहिली. बाबांनी पुन्हा पहिली ओळ म्हटली, पुन्हा थांबले, आणि उठून अंगणात गेले. त्यानंतर घरात वंदना झाली नाही. ते नुसते मेणबत्ती लावायचे आणि समोर बसून राहायचे. एकदा मला म्हणाले, "दुसरी ओळ कंची, ती आठवत नाय गो. तुझ्या आयचा आवाज आला की मगच ती तोंडात यायची." मला त्यांची दया आली. राग काही गेला नाही.

पुण्यानुमोदनाला अंगणात मांडव घातला होता. सगळी वाडी आली, मुंबईकर आले, विनीत आईच्या फोटोला हार घालून पहिल्या ओळीत बसला. धोंडूकाका आसनावर बसले आणि म्हणाले, "श्रीपत, शील मागा."

बाबा उठले. धोंडूकाकांकडे वळण्याऐवजी बायकांच्या बाजूला वळले आणि आम्रपालीसमोर हात जोडून उभे राहिले. "आजचा विधी हिनं करायचा," ते म्हणाले.

मांडवात कुजबुज झाली. विनीत उठला. "काका, इमोशनली मी समजू शकतो. पण मीटिंग..."

"तुजी मीटिंग घाल चुलीत," बाबा म्हणाले.

बाबांच्या तोंडून असा शब्द वाडीनं पहिल्यांदा ऐकला असेल. विनीत खाली बसला. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी आम्रपालीला कोपरानं ढोसलं. ती जागची हलली नाही.

"नाय, मामंजी," ती बसूनच म्हणाली.

"नाय म्हंजे?"

"आईंनी मातीला मागितलं होतं. माती झाली. आता हे मी केलं तरी ते आईंना दिल्यासारखं व्हायचं नाही. तुम्हालाही ते आता देता येणार नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. घरातलं दूध संपलंय हे सांगावं इतक्या साधेपणानं तिनं सांगितलं. बाबांचे हात जोडलेलेच होते. मी मघाचा सगळा आनंद गिळला, कारण ती म्हणत होती ते खरं होतं. आम्ही सगळे मिळून आईला एकदाच द्यायची गोष्ट द्यायला चुकलो होतो आणि मांडव घालून, फोटोला हार घालून ती भरून येणार नव्हती.

"मग माझ्या मातीला?" बाबांनी विचारलं. आवाज इतका बारीक की मागच्यांनी माना पुढे काढल्या. "माझ्या मातीला तरी येशील?"

आम्रपाली आता उठून उभी राहिली. "येईन. पण तुमच्या एकट्याच्या नाही. त्याआधी या वाडीत ज्याचं मयत होईल, बाईचं होवो, बाप्याचं होवो, घरच्यांनी बोलावलं तर मी पऱ्या ओलांडीन. तेव्हा तुम्ही मला 'इथवरच' म्हणायचं नाही. आज सगळ्यांच्या समोर सांगा."

"सांगितलं," बाबा म्हणाले. "नाय म्हननार."

"काका, मुंबईला निदान कळवायला तरी..." विनीत बसल्या जागेवरून म्हणाला.

"मरायचं मला हाय, मुंबईला नाय."

बायकांमधून प्रयागबाई हसली. मग तिनं तोंडावर पदर घेतला, पण हसायची थांबली नाही. "माजंबी नाव धरून ठेव गो," ती आम्रपालीला म्हणाली, आणि पुरुषांतलेही दोघे-तिघे हसले. आम्रपाली खाली बसली. त्या दिवशीचा विधी धोंडूकाकांनीच केला. बाबांनी शील मागितलं ते त्यांच्याकडेच.

जेवणं झाल्यावर वाडीतली माणसं एकेक करून बाबांना भेटून गेली. श्रीपतदादांचं मन मोठं, म्हणाली. चूक भर मांडवात सुधारली, म्हणाली. विनीतसुद्धा जाता जाता त्यांच्या पाया पडून गेला. बाबा प्रत्येकाला हात जोडत होते आणि माझ्याकडे चोरून बघत होते. मीही काहीतरी म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. मी ताटं उचलत राहिले. त्यांच्या मातीला आम्रपाली जाईल, तिच्या मागोमाग पऱ्या ओलांडून मीही जाईन, आणि खणखणीत आवाजात म्हटलेलं सगळी वाडी ऐकेल. माझी आई मात्र धोंडूकाकांच्या बोळक्या तोंडातल्या नुसत्या हवेवर गेली.