रक्तातल्या शेळ्या

सांगलीच्या दवाखान्यातल्या बाकावर रंगुबाईला धड बसवत नव्हतं. उठायची, दारापर्यंत जायची, परत यायची. हाताला काम नव्हतं म्हणून पदराच्या काठाला पीळ घालत होती. "आये, बस की गप," म्हणून म्हणून तिचा मुलगा अमृत थकला आणि मोबाइलात डोकं घालून बसला.

कवठे महांकाळच्या माळावर जिचा जन्म शेळ्यांमागं गेला, तिला नुसतं बसायचं कसं हे कुणी शिकवलंच नव्हतं. उन्हाळ्यात सांधे आखडले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. रक्त आपल्याच अंगावर उलटलंय, असा रिपोर्ट आला. जालीम गोळ्या सुरू झाल्या, विश्रांती सांगितली. गोळ्यांनी तोंड सुजलं, झोप उडाली, तरी बाई शेळ्यांमागं जायची थांबेना. शेवटी ती भावाकडं गेली असताना अमृतनं सगळ्या शेळ्यांना बाजार दाखवला. आईच्या जिवापुढं शेळ्यांचं काय, असा त्याचा सरळ विचार. त्याचं चुकलं असं तिलाही म्हणता येईना, आणि म्हणूनच ती जास्त तळमळत होती.

गुण येईना म्हणून मग सांगली गाठली. इथल्या डॉक्टरीणबाईंनी भलतंच विचारलं, घरी जनावरं कोणती? रंगुबाई खुलली. जन्मलेलं करडू श्वास घेईना तर त्याच्या नाकातला चिकटा आपण तोंडानं ओढून काढतो, हेसुद्धा तिनं सांगून टाकलं. सासूनं शिकवलेलं होतं ते. बाईंनी पुन्हा रक्त घेतलं. आज त्याचा निकाल होता.

"आजी, तुम्हाला तो आजार नाहीच," बाई म्हणाल्या. त्या तपासणीत रक्तात घालायचं औषध शेळीच्या रक्तापासून बनवतात. करडांचा चिकटा तोंडात जाऊन जाऊन रंगुबाईच्या रक्ताची शेळ्यांशी जुनी ओळख झालेली, ते जाऊन त्या औषधालाच चिकटलं आणि यंत्राला वाटलं आजार आहे. ही ओळख आड येणार नाही अशी सोय करून पुन्हा तपासलं, तेव्हा काही निघालं नाही. दुखणं गुडघ्यांच्या झिजेचं. गोळ्या मात्र एकदम बंद करायच्या नाहीत, हळूहळू सोडायच्या.

अमृतचं तोंड उतरलं. "म्हंजी शेळ्या इकायचं कारणच नव्हतं," तो स्वतःशीच म्हणाला.

आनंद व्हायला हवा होता, पण रंगुबाईच्या मनात वेगळंच काही घोळत होतं.

"बाई, आता शेळ्या न्हाईत. मंग रक्तातली वळख बी जाईल का?"

"होईल हळूहळू कमी."

तिला फार वाईट वाटलं. एवढंच तर उरलं होतं.

संध्याकाळी घरी पोचतात तोच शेजारची बनाबाई धावत आली. तिची शेळी व्याली होती, करडू हालत नव्हतं. "आये, नगं," अमृत सवयीनं बोलून गेला आणि मग त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. रंगुबाई तोवर पोचलीही होती. दुखरे गुडघे टेकून तिनं करडाच्या नाकाला तोंड लावलं, ओढलं, थुंकली, पुन्हा ओढलं. करडानं पाय झाडले आणि बारीक आवाज काढला. शेळीनं मान वळवली, रंगुबाईचा हात बाजूला ढकलला आणि आपल्या लेकराला चाटायला लागली.

रंगुबाई घरी आली, शेळ्या कोंडायच्या रिकाम्या वाडग्याच्या दारात बसली. अमृतनं तांब्या पुढं केला.

"ठेव तिथं," ती म्हणाली. "धुती मागनं."

अंधार पडेपर्यंत ती तशीच बसून होती, चिकट हात मांडीवर ठेवून, एकदाही न उठता.